नाक्सोसच्या समुद्रात उतरण्याआधी: नवख्यांसाठी वाऱ्यापासून विम्यापर्यंत

ग्रीसला जायचं ठरलं की मित्र-नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. सँटोरिनीत किती रात्री राहू? फेरीची तिकिटं आधी काढू का? शाकाहारी काय मिळतं? समुद्राबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ‘तिथलं पाणी शांत असतं, फोटोत बघितलंय की’ एवढ्यावर विषय संपतो आणि पोहण्याचे कपडे बॅगेत जातात.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे. उदाहरण म्हणून नाक्सोस घेतलंय, कारण ते बेट माझ्या पायाखालचं आहे. सिक्लाडीज बेटांमधलं हे सगळ्यात मोठं बेट. पश्चिम किनाऱ्यावर मैलोन् मैल वाळू, सँटोरिनीपेक्षा गर्दी कमी आणि पोरंबाळं घेऊन जायला सोयीचं. इथे लिहिलेलं बहुतेक सगळं पारोस, मिकोनोस, इऑस अशा आसपासच्या बेटांनाही लागू पडतं. कॉर्फू, झाकिंथोस ही पश्चिमेची बेटं वेगळ्या समुद्रात आहेत, तिथलं वाऱ्याचं गणित वेगळं.

१. डोक्यातली भरती-ओहोटी काढून टाका

आपण कोकणात किंवा गोव्यात वाढलो असलो तर समुद्राकडे बघण्याची एक सवय असते: भरती किती वाजता, ओहोटीला पाण्याला ओढ किती, पावसाळ्यात उतरायचं नाही. ही सवय चांगलीच आहे, पण नाक्सोसभोवतीच्या एजियन समुद्रात तिचा उपयोग होत नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. नाक्सोसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीतभर. सकाळी जिथे टॉवेल टाकलात, संध्याकाळीही पाणी तिथून तेवढंच लांब.

इथल्या समुद्राचा मालक वारा आहे. जून ते सप्टेंबर, आणि त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश स्वच्छ निळं, ढग नाही, पावसाचा थेंब नाही, आणि वारा असा की टेबलावरची बशी उडावी. आपल्याकडे वादळ म्हणजे काळं आभाळ, म्हणून नवखा माणूस इथे फसतो. मेल्तेमी साधारणपणे सकाळी उशिरा चढायला लागतो, दुपारी जोरात असतो, संध्याकाळी थोडा मंदावतो. कधी मात्र तीन-चार दिवस रात्रंदिवस थांबतच नाही. तो जोरात असेल तेव्हा बंदराचे अधिकारी फेरीबोटीसुद्धा रोखून धरतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोचलेलं बरं.

तिथे वारा किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. हॉटेलवाल्यापासून मासेवाल्यापर्यंत सगळे बोफर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापात बोलतात. ढोबळ हिशोब असा:

- ३ बोफर्टपर्यंत: ताशी १९ किलोमीटरच्या आत. सगळ्यांनी मजेत पोहावं.
- ४ बोफर्ट: ताशी २० ते २८ किलोमीटर. पोहणाऱ्यांना चालेल. फुगवलेल्या वस्तू बॅगेतच ठेवा.
- ५ बोफर्ट: ताशी २९ ते ३८. पांढरे फेस सगळीकडे दिसतात. आडोशाच्या किनाऱ्यावर, छातीभर पाण्यापर्यंतच.
- ६ आणि वर: ताशी ३९ च्या पुढे. खोरा या बेटाच्या मुख्य गावाच्या गल्ल्यांत फिरा, डोंगरातली खेडी बघा. समुद्र कुठे पळून जात नाही.

शेवटची ओळ काही कायदा नाही, माझं मत आहे. पण सरावलेले विंडसर्फर सोडले तर ६ बोफर्टला पाण्यात काही मिळवण्यासारखं नसतं.

२. सकाळी आधी वारा बघा, मग किनारा ठरवा

‘आज कुठल्या बीचवर जायचं?’ हे आदल्या रात्री ठरवू नका. चहा घेताना फोनवर विंडी किंवा विंडगुरू हे वाऱ्याचा अंदाज देणारं ॲप उघडा. ग्रीक हवामान खात्याचा अंदाज आणि मेतेओ हे तिथलं लोकप्रिय संकेतस्थळही आहे. दोनच गोष्टी बघायच्या: दुपारी तीनला वारा किती आणि कुठून. सकाळी दहाचा आकडा बघून निघालात तर दुपारच्या वाऱ्याला तयार नसाल.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतात. वारा समुद्राकडून जमिनीकडे येत असेल तर लाटा फुटतात, पाणी गढूळ दिसतं, माणूस आपोआप सावध होतो. आणि बुडत्याला वारा किनाऱ्याकडेच ढकलतो. उलट वारा जमिनीकडून समुद्राकडे जात असेल तर किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं सपाट दिसतं, कारण लाटा उठायला वाव मिळालेला नसतो. लोक म्हणतात, वा, आज समुद्र शांत! तिथेच घात होतो. त्या सपाट पाण्यावर तरंगणारी प्रत्येक हलकी वस्तू वारा खोल समुद्राकडे नेतो, आणि शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर लाटा सुरू होतात.

नाक्सोसचे प्रसिद्ध किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत आणि मेल्तेमी उत्तर-ईशान्येकडून येतो. म्हणजे बहुतेक दिवशी तो तुम्हाला तिरका, किनाऱ्यापासून लांब, समोरच्या पारोस बेटाच्या खाडीकडे ढकलत असतो. हे ओळखायला साधनं लागत नाहीत. पाण्याकडे तोंड करून उभे राहा. वारा पाठीवर लागतोय? मग आज सावध. छत्र्यांच्या झालरी आणि बीच-बारवरचे झेंडे कुठल्या दिशेला फडफडतायत ते बघा. ते समुद्राकडे बोट दाखवत असतील तर पोहताना किनाऱ्याला समांतर पोहा, आत जाऊ नका, आणि सुरुवात नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करा. म्हणजे दमल्यावर परतताना वारा मदतीला असतो.

किनाऱ्यांची थोडक्यात ओळख:

आयिओस गेऑर्गिओस हा खोरा गावाला लागूनच आहे, बंदरातून चालत जाता येतं. पाणी बरंच आतपर्यंत उथळ, म्हणून लहान मुलांसाठी आणि पाण्याला घाबरणाऱ्या आई-बाबांसाठी पहिला दिवस इथेच. दक्षिण टोकाला विंडसर्फिंग शिकवतात, तो भाग पोहणाऱ्यांनी टाळावा.

आयिओस प्रोकोपिओस सगळ्यात देखणा, मेल्तेमीत बऱ्यापैकी आडोसा मिळतो. वाळू जाडी. पण तळ लवकर खोल होतो, चार पावलांत कमरेवरून गळ्यापर्यंत. न पोहणाऱ्याने इथे ‘अजून थोडं’ म्हणू नये.

आयिआ आना आणि त्याच्या पुढचा प्लाका. प्लाका जवळपास चार किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या मोकळ्या भागांत काही लोक कपड्यांशिवाय असतात. कुणी कुणाकडे बघत नाही, तुम्हीही बघू नका, आणि त्या दिशेने कॅमेरा तर अजिबात नको.

मिक्री विग्ला हे खडकाळ टोक म्हणजे काइट आणि विंडसर्फिंगवाल्यांचं माहेर. बघायला जा. पाण्यात उतरायचं तर पतंगांच्या दोऱ्यांपासून लांब उतरा.

उत्तरेचं अपोलोनास गाव सुंदर आहे, पण मेल्तेमी थेट त्याच्यावर आदळतो. जुलै-ऑगस्टात तिथे मासे खा आणि लाटा बघा. क्वचित दक्षिणेचा वारा सुटतो तेव्हा चित्र पालटतं: आडोशाचे किनारे खवळतात आणि उत्तरेची बाजू निवांत होते.

खोरामधून प्रोकोपिओस, आयिआ आना, प्लाकाला सरकारमान्य केतेएलच्या बस जातात, उन्हाळ्यात भरपूर फेऱ्या असतात. चारचाकी मोटरसायकली भाड्याने घेण्याचा मोह आवरा. समुद्राइतकेच पाहुणे त्या जखमी करतात.

३. कागदपत्रं आणि विमा: निघण्याआधी घरी बसून

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून तो सगळ्यांकडे असतोच. पण त्या पॉलिसीत जेट-स्की, पॅरासेलिंग, स्कूबा, काइटसर्फिंग बसतं का हे कुणी वाचत नाही. भारतातल्या अनेक स्वस्त पॉलिसींत ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात, किंवा परवानाधारक प्रशिक्षकासोबतच मान्य असतात. एजंटला फोनवर विचारू नका. ईमेलवर खेळाचं नाव लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बेटावर साधा दवाखाना आहे, गंभीर रुग्णाला अथेन्सला हलवावं लागतं. खर्च होतो तो तिथे.

सोबत ठेवायचं:

- पासपोर्ट आणि व्हिसाची रंगीत प्रत, फोनमध्ये आणि कागदावर. भाड्याने वस्तू देणारा अनामत म्हणून मूळ पासपोर्ट मागत असेल तर प्रत द्या. मूळ कधीच नाही.
- विमा पॉलिसीचं पहिलं पान आणि चोवीस तासांचा मदत क्रमांक.
- स्कूबा येत असेल तर पॅडी किंवा एसएसआय या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं कार्ड आणि डाइव्हची नोंदवही.
- दमा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. डाइव्हिंग केंद्रावर आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. तिथे एखाद्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती सुट्टीत बेटावर मिळवण्यात दिवस जातो.
- गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना, आरटीओतून काढलेला.

४. पिशवीत काय भरायचं

रबरी तळाचे पाण्यातले बूट. हे सगळ्यात आधी, का ते पुढे येतंच. पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा टी-शर्ट आणि लेगिंग. ग्रीसमध्ये कुणी काय घातलंय याची कुणाला पडलेली नसते, त्यामुळे अंग झाकून पोहायचं असेल तर बिनधास्त पोहा. फक्त सुती सलवार-कमीज, ओढणी आणि जीन्स घालून उतरू नका. ते पाणी पितात, पायात गुंडाळतात, आणि वाऱ्यात ओल्या कपड्यांनी थंडी वाजते.

५० एसपीएफचं सनस्क्रीन. आपण सावळे, आपल्याला ऊन लागत नाही, हा गैरसमज नाक्सोसवर दोन दिवसांत उतरतो. मेल्तेमीमुळे अंग तापल्यासारखं वाटत नाही आणि खांद्यांची कातडी निघते. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी, नाहीतर ती पारोसला पोचते.

फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, चिमटा, छोटी बॅटरी, पांढरं व्हिनेगर नको पण खायच्या सोड्याची पुडी हवी, पाण्याच्या बाटल्या. लांब पोहणाऱ्यांनी कमरेला बांधायचा भडक रंगाचा फुगा घ्यावा. पोहणाऱ्याचं काळं डोकं बोटवाल्याला लाटांत दिसत नाही, नारिंगी फुगा दिसतो.

लाइफ जॅकेट भाड्याने मिळतं, पण आतलं लेबल वाचा. ५० न्यूटन लिहिलेलं जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी नुसता आधार आहे, ते बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही. पोहता न येणाऱ्याला किमान १०० न्यूटनचं हवं. मुलांचं जॅकेट वजनावरून ठरतं, आणि दोन पायांमधला पट्टा लावलेला हवा. खांद्याला धरून वर ओढा: जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे.

५. पाण्यात उतरताना

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साधारण २४-२५ अंश असतं. गोव्याच्या कोमट पाण्याची सवय असेल तर पहिल्यांदा दचकायला होतं. मे महिन्यात ते १८-१९ असतं, तेव्हा दचकणं मजेचं राहत नाही. एकदम सूर मारला तर श्वास आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. पाय, मग मनगटं, मान, चेहरा ओला करत सावकाश उतरा. सप्टेंबर हा माझ्या मते सगळ्यात चांगला महिना. पाणी उन्हाळाभर तापलेलं, वारा उतरणीला, गर्दी ओसरलेली.

एजियनचं पाणी आपल्या समुद्रापेक्षा खारट आहे, त्यामुळे शरीर सहज तरंगतं. तरण तलावात दोन चकरा मारणाऱ्याला इथे आपण फार चांगले पोहतो असं वाटायला लागतं. दुसरा चकवा पाण्याच्या स्वच्छतेचा. तळाचा खडा न् खडा दिसतो म्हणून पाणी उथळ वाटतं. प्रकाश वाकत असल्याने वरून खोली प्रत्यक्षाच्या पाऊणपटच भासते: चार मीटर पाणी तीन मीटर दिसतं. न पोहणारा माणूस ‘तळ दिसतोय की’ म्हणून पुढे जातो. खडकावरून उडी मारणाऱ्यांनी आधी चष्मा लावून खाली जाऊन बघावं.

गर्दीच्या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात जीवरक्षक असतात. पण गोव्यात जशी लाल-पिवळ्या कपड्यांतली माणसं बहुतेक सगळीकडे दिसतात तसं इथे समजू नका. मनोऱ्यावरच्या पाटीवर त्यांची वेळ लिहिलेली असते, संध्याकाळी ते घरी जातात. हिरवा झेंडा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे उतरू नका. झेंडाच नसेल तर किनारा सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही. बहुधा जीवरक्षकच नाही असा होतो.

पाण्यात रंगीत बोये ओळीने दिसतील. ती पोहणाऱ्यांची हद्द. त्यापलीकडे स्पीडबोटी आणि जेट-स्की. बोये नसतील तिथेही किनाऱ्यालगत राहा. आणि सपाट समुद्रात अचानक तीन-चार उंच लाटा आल्या तर घाबरू नका, लांबून गेलेल्या वेगवान फेरीच्या त्या लाटा असतात. फक्त पाण्याच्या कडेला बसवलेलं तान्हं बाळ उचला.

लाटांच्या दिवशी कुठे पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर सरका आणि ओढ संपली की या.

आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. ग्रीसमध्ये पाण्यात जीव गमावणाऱ्यांत वयस्कर माणसांचं प्रमाण मोठं असतं. अनेकदा कारण लाट नसते, हृदय असतं. रक्तदाबाची गोळी, दुपारचं ऊन, पोटभर जेवण आणि थंड पाणी यांचा मेळ घालू नका. त्यांना सकाळी नऊ-दहाला उतरवा, शेजारी कुणीतरी हवंच. जेवणासोबतची वाइन आणि किट्रोन हे नाक्सोसचं मद्य संध्याकाळसाठी राखून ठेवा, हे वय न बघता सगळ्यांनाच.

६. फुगवलेले हंस, युनिकॉर्न आणि गाद्या

यांना स्वतंत्र मथळा देतोय, कारण बेटावरच्या प्रत्येक दुकानाबाहेर ते लटकलेले असतात आणि पोरं हट्ट धरतात. ऑगस्ट २०२० मध्ये ग्रीसच्या मुख्य भूमीवर अँटिरिओजवळ एक चिमुकली मुलगी फुगवलेल्या युनिकॉर्नवर बसून समुद्रात वाहत गेली. तिथून जाणाऱ्या फेरीच्या कप्तानाने बोट हळूच जवळ आणली, खलाशांनी तिला उचललं. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. मुलगी शहाणी, घट्ट धरून बसली होती, म्हणून वाचली.

फुगा पाण्यात बुडत नाही, तो वर शिडासारखा उभा असतो. मतलई, म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या, वाऱ्यात तो चांगल्या पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळतो. म्हणून नियम साधा ठेवा: मोठ्या माणसाचा हात फुग्यावर असेल तरच मूल फुग्यावर. आणि रिकामा फुगा वाहत गेला तर त्याच्यामागे पोहत जायचं नाही. वीस युरो गेले, जाऊ द्या.

७. वॉटर स्पोर्ट्स: काय, कुणी, कधी

स्टँड-अप पॅडल (फळीवर उभं राहून वल्हवणं) आणि कयाक. नवख्यांसाठी सगळ्यात चांगला खेळ, पण सकाळी दहाच्या आत. घोट्याला बांधायची दोरी सोडू नका. पडलात तर फळी हाच तुमचा तराफा, आणि दोरी नसेल तर वारा तो नेतो. वारा वाढला की उभं राहण्याचा हट्ट सोडा. उभा माणूस हेच शीड होतं. गुडघ्यावर बसा, तेही जमेना तर पोटावर झोपून हातांनी वल्हवा. आयिआ आनाला भाड्याने देणारा एक पोरगा मी बघितलाय, फळी देण्याआधी ओंजळीतून वाळू सोडायचा आणि ती कुठे उडते ते गिऱ्हाइकाला दाखवायचा. वाळू समुद्राकडे उडाली की त्या दिवशी फळ्या भिंतीला टेकलेल्या. जो तुम्हाला ‘नाही’ म्हणतो त्याच्याकडूनच दुसऱ्या दिवशी फळी घ्यावी.

स्नॉर्केलिंग. डोकं खाली घालून मासे बघताना आपण कुठे वाहत चाललोय ते कळत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी मान वर करून किनाऱ्यावरची एक खूण बघा. दोघांनी मिळूनच. पाठ आणि पोटऱ्या भाजतात, अंगभर टी-शर्ट घाला.

विंडसर्फिंग आणि काइट. पहिला आणि शेवटचा सल्ला: शिकल्याशिवाय नाही. विंडसर्फिंगचा पहिला धडा आयिओस गेऑर्गिओसच्या उथळ पाण्यात, सकाळच्या हलक्या वाऱ्यात घ्या. काइट शिकायला काही दिवस लागतात, एका दुपारचं ते काम नाही. पहिल्या दिवशी तर बहुतेक वेळ वाळूवरच जातो. शाळा ठरवताना विचारा: बचाव-बोट पाण्यात तयार असते का, हेल्मेट मिळतं का, एका शिक्षकामागे किती जण? बोटीच्या प्रश्नावर जो चाचरतो त्याला नमस्कार करा.

जेट-स्की आणि बनाना बोट. परवानाधारक केंद्रावर बंदर अधिकाऱ्यांच्या परवान्याची पाटी लावलेली असते. जेट-स्कीची इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधलेली हवी, पडलात की यंत्र थांबतं. निघण्याआधी यंत्राचे चारही बाजूंनी फोटो काढा, जुन्या ओरखड्याचे पैसे मागण्याची पद्धत किनारी गावांत जगभर आहे. नुकसान झालं तर कोण भरणार, हे कागदावर वाचून मगच सही करा.

बोट भाड्याने. ३० हॉर्सपॉवरपर्यंतची छोटी बोट ग्रीसमध्ये परवान्याशिवाय मिळते. म्हणजे ती चालवता येते असं मात्र नाही. ४ बोफर्टच्या वर अंदाज असेल तर घेऊ नका, मालक देत असला तरी. कुणी पाण्यात उडी मारण्याआधी इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रल नाही. नांगर वाळूत टाका. तळाशी हिरवट-काळं दिसतं ते पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत, माशांची पिल्लं त्यात वाढतात. त्याचीच वाळलेली पानं किनाऱ्यावर तपकिरी ढिगाऱ्यात पडतात. तो कचरा नव्हे.

स्कूबा. शिकलेले नसाल तर प्रशिक्षकासोबतची ओळख-डाइव्ह करता येते, वयाची अट साधारण १० वर्षं. पाण्याखाली जुन्या मडक्याचा तुकडा दिसला तर हात लावू नका. ग्रीसच्या तळाशी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या मालवाहू जहाजांचे रांजण आहेत आणि पुरातन वस्तू उचलणं हा गुन्हा आहे. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या. नाक्सोसहून अथेन्सचं छोटं विमानसुद्धा विमानच आहे, त्यामुळे डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला ठेवा.

८. काटे, दंश आणि चटके

खडकाळ जागी काळ्या काट्यांचे गोळे चिकटलेले दिसतील, ते सी अर्चिन. पाय पडला तर काटे तुटून आत राहतात. म्हणून ते बूट. वर आलेले काटे चिमट्याने सरळ काढा, पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा. सांध्यापाशी किंवा खोल रुतलेला काटा डॉक्टरांकडे.

वाळूत पुरून बसणारा वीव्हर मासा कमी लोकांना माहीत असतो. कमरेच्या आतल्या पाण्यात चालताना पायाला खिळा घुसल्यासारखी कळ येते, ती मिनिटागणिक वाढते, आणि माणूस कळवळतो. उपाय पाकटाच्या डंखासारखाच. २०१३ च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेकांना डंख मारले होते, ते आठवत असेल. विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून पाय ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास. जवळच्या तावेर्नात, म्हणजे खाणावळीत, जाऊन गरम पाणी मागा, कुणी नाही म्हणत नाही. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, बऱ्या पायाने घ्या. दुखऱ्या पायाला चटका कळत नाही.

जांभळट जेलीफिश काही वर्षी येतात, काही वर्षी दिसत नाहीत. चिकटली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी नको, चोळू तर नकाच. खायचा सोडा आणि समुद्राचं पाणी समप्रमाणात कालवून लेप लावतात. व्हिनेगर या जातीला चालत नाही, म्हणून वर पिशवीत ते नको म्हटलं. श्वास लागणं, ओठ सुजणं, चक्कर, यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय थांबवा आणि फोन करा.

सुवेझ कालव्यातून आलेले दोन पाहुणेही आता एजियनमध्ये आहेत: पट्ट्यापट्ट्यांचा लायनफिश, ज्याचे काटे विषारी, आणि लागोकेफालोस हा चंदेरी फुगा मासा, ज्याचं मांसच विषारी. गळाला लागला तर परत सोडा. चुलीवर नाही.

९. मदत मागायची वेळ आली तर

११२ हा सगळ्या युरोपचा क्रमांक, इंग्रजीतून बोलता येतं. १०८ तटरक्षक दल, समुद्रात वाहून गेलेल्यासाठी थेट. आपल्याकडे १०८ म्हणजे रुग्णवाहिका, तिथे तसं नाही. रुग्णवाहिका १६६.

कुणी वाहत चाललं असेल तर पाण्यात उडी मारणारा दुसरा माणूस होऊ नका. एकाने सतत त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हलवायची नाही, कारण लाटांत हरवलेलं डोकं पुन्हा सापडत नाही. दुसऱ्याने फोन करायचा. तिसऱ्याने बीच-बारकडे किंवा फळ्यांच्या केंद्राकडे पळायचं, बोट तिथेच असते.

फोनवर आधी बेटाचं नाव सांगा, मग किनाऱ्याचं. आयिआ आना आणि प्लाका या नावांचे किनारे ग्रीसमध्ये कितीतरी बेटांवर आहेत. मग जवळचं हॉटेल किंवा बार, किती माणसं, कशावर आहेत, वारा त्यांना कुठे नेतोय. नकाशाच्या ॲपवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात, ते सगळ्यांनी पहिल्याच दिवशी एकदा करून बघा.